बाराच्या ठोक्याची सवय

साल मला नक्की आठवत नाही, पण हांबुर्ग बंदरातल्या गाडीवानांची मागणी साधी होती: दुपारी जेवायला एक तास सुट्टी. त्यांचा पुढारी टीसेन स्वतः वीस वर्षे घोडागाडी हाकलेला. तो सगळ्या गाडीवानांना घेऊन मालकाकडे, रोडेवाल्डकडे गेला.

रोडेवाल्ड हसला. "सुट्टी कशाला? वाट घोड्यालाच ठाऊक असते. तुम्ही नुसते बसून डुलक्या काढता!"

"मग उद्या तुम्हीच बसा, मालक. गाडी संध्याकाळपर्यंत कुठे अडली नाही, तर मागणी मागे घेतो. अडली तर सुट्टी द्यायची."

सगळ्यांदेखत माघार कशी घेणार? दुसऱ्या दिवशी रोडेवाल्ड उंच टोपी घालून गाडीवर चढला. सकाळभर घोडा शहाण्यासारखा चालला. चर्चच्या घड्याळात बारा वाजले आणि तो भर पुलावर थांबला. मालकाने लगाम ओढला, चाबूक उगारला, शेवटी विनवण्याही केल्या. घोडा हलेना.

टीसेनने येऊन दाण्याची पिशवी घोड्याच्या तोंडाला बांधली.

"हा काय चावटपणा?"

"त्याची जेवणाची वेळ झाली, मालक. रोज तो खातो तेवढ्यात आम्ही उपाशीपोटी पोती उतरवतो. बाराला थांबायची सवय त्याला आम्हीच लावली. आता तुम्हाला लावायची आहे."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला घोड्यांबरोबर गाडीवानांनीही डबे उघडले.