ढेप्याचा वाटा

फार पूर्वी मेघवती नगरात रुक्मसेन राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका पेंडवाल्याच्या घरी जन्माला आला. नगराचं नाव मेघवती, आणि पावसाचा पत्ता नाही. नाव ठेवणारा सुटला, भोगणारे अडकले.

मोठा झाल्यावर बोधिसत्त्वाला लोक उत्पलशेट म्हणायला लागले. तिळाची पेंड, कोंडा, चुणी, भरडा, जनावराच्या तोंडाला लागतं ते सगळं त्याच्या वखारीत असायचं. धाकटा भाऊ कर्दम गिऱ्हाईक सांभाळायचा. कर्दम वाईट नव्हता. हुशार होता फक्त, आणि ते कुणीतरी त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, मग तळांना भेगा पडल्या. राजानं अन्नछत्र उघडलं. रोज घरटी एक पळी पेज. पण त्यात एक मेख मारून ठेवली. ज्याच्या दारात कुत्रं दिसेल, त्या घराला पेज नाही. राजाचं म्हणणं, कुत्रं पोसायला परवडतं तर हा उपाशी कसला? राजाचं पोट भरलेलं होतं, त्यामुळे त्याला ते पटलं.

मेघवतीत घरोघरी एक रीत होती. भाकऱ्या झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची छोटी चानकी थापायची. ती दारातल्या कुत्र्याची. कितीही गरिबी असली तरी चानकी चुकायची नाही. आता परातीच कोरड्या पडल्या. लोक कुत्र्यांना कोरड्या नदीत नेऊन सोडायला लागले. पण कुत्रं ते. घरच्या माणसाच्या आधी घरी पोचायचं, आणि नेमकं शिपायासमोर शेपटी हलवायचं. मग लोक त्यांना तिथल्या बाभळींना बांधून यायला लागले. पहिल्यांदा कुत्री भुंकायची. मग रडायची. मग काहीच करायची नाहीत.

एके सकाळी बोधिसत्त्व नदीवरून चालला होता. काळंदी नावाची म्हातारी बुरुडीण बाभळीखाली बसलेली दिसली. सुपं-टोपल्या विणून पोट भरणारी बाई. घरात दुसरं कुणी नाही. शेजारी तिचा तांबडा कुत्रा ढेप्या. ती त्याच्या गळ्यातली दोरी झाडाला बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. ढेप्याला वाटत होतं खेळ चाललाय.

"काय गं आजी, बुरुडाची बाई तू, आणि गाठ बसंना?"

"गाठ बसती रं बाबा. हात सुटंना."

बोधिसत्त्व खाली बसला. ढेप्यानं त्याचं तोंड चाटलं.

"याचं नाव ढेप्या कसं?"

"बारका हुता तवा गुळाची ढेप पळवली यानं वाण्याची. मी मार खाल्ला, यानं गूळ खाल्ला." म्हातारी हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. "शेट, दोरी तुमी बांधता का? माज्याच्यानं न्हाई हुयाचं."

"बांधतो," बोधिसत्त्व म्हणाला. त्यानं दोरी झाडावरून सोडली आणि तिच्या मनगटाला बांधली. "याला घेऊन उद्या वखारीवर ये. याच्या खाण्याचं मी बघतो."

दुसऱ्या दिवसापासून वखारीसमोर मोठी कढई चढली. भरडा, कोंडा आणि तिळाची पेंड एकत्र शिजवायची, गोळे करायचे. ज्याचं जनावर असेल त्यानं ते घेऊन यावं आणि त्याचा वाटा न्यावा. फुकट. रांग लागली. कुत्री, टोपलीत मांजरं, एक म्हातारा पोपट, एक मुंगूस. एकजण कावळा घेऊन आला, "पाळलाय शेट, लेकरासारखा," म्हणाला, आणि तेवढ्यात लेकरू उडून गेलं. बोधिसत्त्वानं त्यालाही गोळा दिला.

कर्दमाच्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा, राजाची हत्तीशाळा आपण मागू ती किंमत द्यायला तयार आहे आणि तू कावळ्यांना जेवू घालतोस?"

"हत्ती पण जेवतील."

"आणि ते एक काळं कुत्रं बघ. सकाळपासून तिसऱ्या मालकाबरोबर आलंय!"

"नशीबवान आहे. त्याला तीन घरं आहेत."

"दादा, ही माणसं स्वतः खातायत रे! कुत्र्याच्या नावावर!"

बोधिसत्त्व कढई ढवळत राहिला. कर्दमाला वाटलं, भाऊ भोळा आहे, याला काही कळत नाही. भाऊ भोळा नव्हता. तो पेंड निवडून घ्यायचा, खडे काढायचा, कढईत मीठ टाकायचा. कुत्र्याला मीठ लागत नाही, हे पेंडवाल्याच्या पोराला माहीत नसेल होय?

कर्दमानं आपली अक्कल चालवली. वखारीच्या कोपऱ्यात निंबोळीची पेंड पडलेली होती. ती शेतात घालतात, वाळवी मरते. कडू जहर. त्यानं विचार केला, भुकेलं जनावर कडू-गोड बघत नाही, माणूस मात्र थुंकून टाकेल. लबाड आपोआप गळतील. एके दिवशी बोधिसत्त्व धान्य बघायला शेजारच्या गावाला गेला. कर्दमानं पाटीभर निंबोळी कढईत ओतली आणि हसत हसत गोळे वाटले.

झालं उलटंच. कुत्र्यांनी वास घेतला आणि तोंडं फिरवली. जनावराला नाक असतं. माणसांनी नाक दाबलं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व परत आला तेव्हा अर्ध्या वस्तीत ओकाऱ्या चालल्या होत्या. बरेचसे तगले. रांगेत काळंदी दिसली नाही म्हणून तो तिच्या झोपडीकडे धावला. कर्दम मागून आला. 

म्हातारी चटईवर पडली होती. चटई भिजलेली. ढेप्या तिच्या पायाशी बसून गुरगुरत होता, पण बोधिसत्त्वाला बघून गप्प झाला.

"शेट," ती म्हणाली, "काल जरा कडू झालं हुतं बघा. ह्यो तोंड लावंना. मी म्हनलं बघ रं, मी खाती, तू बी खा. लेकराला दावत्यात तसं एक घास खाल्ला. तरी खाईना मुडदा. मग म्हनलं अन्न टाकू कशापायी..."

"सगळं खाल्लंस?"

"रोज निम्मं मीच खायची, शेट." तिनं डोळे मिटले. "चोरी केली मी. त्याच्या वाट्यातली."

"तो वाटा तुमच्या दोघांचाच होता आजी. मी दोघांच्या मापानं गोळा करायचो."

"मीठ हुतं त्यात," म्हातारी म्हणाली. "तवाच वाटलं मला." दुपार कलायच्या आत ती गेली.

कर्दम दारातच उभा होता. "दादा, मला वाटलं माणसं थुंकतील."

"ज्याला थुंकायला परवडतं तो रांगेत कशाला येईल रे?" बोधिसत्त्व एवढंच बोलला. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. म्हणाला, "उचल. खांदा दे." ढेप्या कर्दमाला कडकडून चावला. कर्दमानं पाय झटकला नाही. रक्त गळत होतं तसाच त्यानं म्हातारीला खांदा दिला.

मग बोधिसत्त्व राजाकडे गेला.

"महाराज, हत्तींना चारा नाही. माझी अख्खी वखार तुम्हाला देतो. मोल नको."

राजा सावरून बसला. "मग काय पाहिजे?"

"ज्याच्या दारात कुत्रं आहे त्यालाही पेज मिळावी."

"बस, एवढंच? वेडा आहेस का? अख्खी वखार?"

"माझी कढई काल लोकांना बाधली. आता त्यांनी कुणाच्या भरवशावर जगायचं?"

राजाला सौदा स्वस्तात पडला. त्यानं मेख काढून टाकली. लोक नदीकडे पळत सुटले, दोऱ्या सोडायला. काही कुत्री सापडली. बऱ्याच दोऱ्या नुसत्या होत्या, आणि ज्यांच्या दोरीच्या टोकाला काही होतं, ती माणसं तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी अन्नछत्रापुढच्या रांगेत उत्पलशेट उभा होता. बरोबर ढेप्या. मागे लंगडत कर्दम. वाढणाऱ्याची पळी हातातच राहिली.

"शेट, तुम्ही? किती जण?"

"आम्ही तिघं."

"पळी एकच मिळंल, शेट. कुत्र्याची येगळी न्हाई मिळायची."

"एकच दे."

बोधिसत्त्वानं ती पेज भिंतीच्या सावलीत नेली आणि तीन द्रोणांत ओतली. पाऊस येईपर्यंत हेच चाललं. पाऊस फार उशिरा आला.

तथागतांनी ही गोष्ट सांगितली ती विहारात. वेळुक नावाचा भिक्षू आपल्या भिक्षेतला निम्मा भात पायरीवरच्या एका कानतुट्या कुत्र्याला घालायचा, आणि गग्ग नावाचा भिक्षू सगळ्यांसमोर त्याची टर उडवायचा, "भिक्षा मागतोस तू, जेवतंय कुत्रं! दात्याला फसवतोस की रे!" गोष्ट संपल्यावर कुणी हसत नव्हतं.

तथागत म्हणाले, "तेव्हाची काळंदी म्हणजे आजचा वेळुक. ढेप्या होता तो हाच, पायरीवरचा. कर्दम होता गग्ग. उत्पलशेट मी होतो. आणि तो राजा कोण होता, ते विचारू नका. तो अजून राजाच आहे."

गग्गानं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "भंते, उत्पलशेटला तर माहीत होतं, माणसं खातायत. मग तो तसं बोलला का नाही?"

"बोलला असता तर त्यांना लाज वाटली असती, आणि ती आली नसती. देताना घेणाऱ्याची परीक्षा न घेणं, याला करुणा म्हणतात."