आधी पाठ कर!

डोंगरावर साहेबांचे बंगले होते तेव्हाची गोष्ट. अशाच एका बंगल्यातल्या पिंजऱ्यात म्हातारा राघू रोज इंग्रजी क्रियापदं घोकायचा, "ओपन, ओपन्ड, ओपन्ड." त्याच पिंजऱ्यात नवी मैना आली. आभाळ दिसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा.

"आजोबा, ओपन म्हणजे काय हो?"

"उघड. आधी तिन्ही रूपं पाठ कर."

"पण कुणाला म्हणून पाहिलंत का कधी?"

"चुकलं तर लोक हसतील, पोरी!"

तेवढ्यात साहेबाची लेक पेरू घेऊन आली. मैना गजांना बिलगून ओरडली, "ओप्पन!" मुलगी खळखळून हसली आणि हसत हसतच तिने दार उघडलं.

मैना भुर्रकन झाडावर जाऊन बसली. "आजोबा, या ना! दार उघडंच आहे!"

"थांब गं," राघू म्हणाला, "उडण्याचं तिसरं रूप आठवू दे."