महाराजांच्या कानातून वाहिलेले रक्त

भक्तहो, एका वर्षी वाघगीर महाराज सावळद गावी, कोष्टी आळीच्या टोकाला असलेल्या धर्मशाळेत उतरले होते. दिवसभर मागावर राबलेली माणसे सांजेला त्यांच्यापाशी येऊन बसत. भिवा कोष्टी आणि त्याची बायको तुळसा त्यांतलेच.

एकदा तुळसा पाया पडली तेव्हा कोणीतरी सवयीने म्हणाले, महाराज, पुत्रवती भव म्हणा. तुळसेने नको म्हणून मान हलवली. तिचे दोन भाऊ लहानपणीच गेले होते. एक दात पडल्याचे निमित्त होऊन, दुसरा गुडघा फुटून. रक्त थांबलेच नाही. मामाही तसाच गेला. हा दोष लेकींच्या पोटातून येतो आणि मुलग्यांना गिळतो, असे आईने मरताना दोघी बहिणींना सांगून ठेवले होते.

"महाराज, आम्ही मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय. हे पाप आहे का?" तुळसेने विचारले. मुलाची हौस तिला नव्हती असे कसे म्हणावे? भिवा तिला चिकटून उभा होता.

महाराज म्हणाले, "पाप नाही, बाई."

बैठकीत कुजबुज उठली. साधूने सवाष्णीला असे सांगावे!

रंभाजी शेटे हा बारा मागांचा धनी, आळीचा पुढारी आणि तुळसेच्या थोरल्या बहिणीचा, अनसूयेचा सासरा. वांझेला आता वेदान्त सुचला, असे तो चारचौघांत म्हणू लागला. पुढे अनसूयेला मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी कान टोचायला शेट्यांनी सोनार बोलावला. तुळसा धावत गेली. सुई लावू नका म्हणून तिने सगळ्यांसमोर पदर पसरला.

"स्वतःची कूस रिकामी, म्हणून बहिणीचं भरलं घर हिला बघवत नाही," रंभाजी म्हणाला. अनसूया खाली मान घालून बसली. सासऱ्यापुढे तिचे काय चालणार?

सोनाराने तार ओवली. रक्त आले आणि येतच राहिले. हळद दाबली, कापूस दाबला, नवे धोतर फाडून बांधले, तेही भिजले. दुपारी मूल पांढरेफटक पडले आणि त्याचे रडणेही थांबले.

तुळसा धर्मशाळेकडे धावली. महाराज तसेच अनवाणी आले आणि त्यांनी मुलाच्या कानाच्या पाळीवर अंगठा ठेवला. रक्त थांबले. लोकांनी सुस्कारा सोडला, तोच सोनार किंचाळला. महाराजांच्या स्वतःच्या कानातून रक्ताची धार लागली होती! कफनी भिजली, बैठकीवर थारोळे साचले. महाराज शांत बसून होते. ऊन उतरेपर्यंत ते रक्त वाहत होते, आणि सबंध आळीने ते डोळ्यांनी पाहिले.

ते वाहत असतानाच रंभाजी, थांबवा हो महाराज, चुकलो, असे म्हणत पुढे सरकला.

महाराज म्हणाले, "शेटे, या लेकराचं दुखणं आज मी घेतलं. पुढच्या लेकरांचं कोण घेणार? या पोरीनं कूस रिकामी ठेवून ते आधीच आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि तुम्ही तिला वांझ म्हणालात."

रंभाजीने पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय मागे घेतले. मग बारा मागांच्या त्या धन्याने डोक्यावरचे पागोटे उतरवले आणि सगळ्या आळीदेखत तुळसेच्या पायांवर डोके ठेवले. तुळसा दचकून मागे सरली, आणि इतक्या वर्षांत कोणापुढे न रडलेली ती बाई भिंतीला टेकून मोठ्याने रडू लागली.