एका उडीचे दोन गुरू

"पण माझी सूचना चूक कुठे आहे, बाई?"

निनादने शरयूबाईंना विचारलं. रिंकच्या कठड्याला टेकून त्या बर्फाकडे बघत होत्या.

बर्फावर पूर्णा पडली होती. सकाळपासून सातव्यांदा. ती उठली, गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि कुणाकडेही न बघता लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

अ‍ॅक्सेल ही उडी पुढे तोंड करून घ्यायची असते. हवेत दीड फेरी मारायची आणि मागे तोंड करून एका पायावर उतरायचं. दोन महिन्यांपूर्वी पूर्णाला ती येत होती. परवा निवड चाचणी होती, आणि काल रात्री जेवताना तिने आईला सांगितलं होतं की मला स्केटिंग सोडायचंय.

निनाद उड्या शिकवायचा. तो परदेशात शिकून नुकताच आला होता, आणि हे दिवसातून एकदा तरी सांगायचा. फ्रान्सिस सर बरीच वर्षं गिरक्या शिकवत होते. दोघांच्याही पायात पहिले स्केट्स बांधले होते ते शरयूबाईंनी.

"ती खांदा आधीच उघडते," निनाद म्हणाला. "मी रोज सांगतो."

"गुडघा पुरेसा वाकवत नाही," फ्रान्सिस सर म्हणाले. "मीही रोज सांगतो."

"सर, उड्या माझ्याकडे आहेत."

"हो. पडल्यावर रडायला मात्र माझ्याकडे येते."

बाई वळल्या.

"निनाद, तू अ‍ॅक्सेल मार."

"मी?"

"विसरलास की काय?"

निनाद हसला. एक मोठा वळसा घेऊन त्याने वेग धरला. डाव्या पायावर आला...

"खांदा!" बाई ओरडल्या.

"गुडघा!" सरांनाही आता गंमत वाटू लागली होती. "गुडघा रे!"

"मान सरळ! हात! श्वास घे!"

निनाद हवेतच वाकडा झाला आणि कुशीवर आपटला.

कोपऱ्यातून हसू ऐकू आलं. पूर्णाने घाईघाईने तोंडावर हातमोजा धरला.

"हे बरोबर नाही, बाई."

"का? काय चूक सांगितलं आम्ही?"

बर्फ पँटमधून आत झिरपेपर्यंत निनाद तसाच बसून राहिला.

"दोघं मिळून एक गोष्ट ठरवा," बाई म्हणाल्या. "एकच. आणि ती ज्याची असेल, त्याने पूर्णाला सांगायची नाही."

दोघं कठड्यापाशी कुजबुजत भांडले. फ्रान्सिस सरांनी दोन बोटं कठड्यावर चालवून उडी काढून दाखवली. निनाद नाही नाही म्हणून मान हलवत होता. सरांनी बोटं पुन्हा वाकवली, या वेळी सावकाश. निनादची मान थांबली.

"तुमचं घ्या," तो म्हणाला.

"मग तिला तू सांगायचं."

"माहीत आहे, सर..."

निनाद येताना दिसला तसे पूर्णाचे खांदे ताठ झाले. त्याने ते पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"गुडघा," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

"आणि खांदा, सर?"

"...खांद्याचं राहू दे."

पूर्णा गेली. वळली. उडाली. पडली.

कठड्यापाशी परतलेला निनाद पुढे झुकला. फ्रान्सिस सरांनी मागून त्याचं जॅकेट घट्ट धरलं.

कुणीच ओरडलं नाही. पूर्णाने उठून एकदा तिघांकडे पाहिलं, वाट बघितली, आणि पुन्हा वेग घेतला. गुडघा खोल वाकला. ती वर गेली, फिरली आणि खाली आली. जरा डगमगली, एक हात भलतीकडेच गेला, पण पाय बर्फावर टिकला.

"उतरले!" ती किंचाळली. "सर, उतरले मी!"

फ्रान्सिस सर मटकन बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसायला लागले. निनादला आपण टाळ्या वाजवतोय हे उशिरा कळलं.

"परत मारू? आत्ता लगेच?"

"मार!"

ती निघालीसुद्धा.

निनाद बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला. पूर्णाची पुढची उडी त्याने पाहिली. मग त्याला राहवेना.

"बाई... खांदा अजून उघडतोय तिचा."

"दिसला मला."

"मग सांगू?"

"सांग की. फ्रान्सिसला."