थोरलीची माती

त्या जगात पूर्वी समुद्र मधे नव्हता. थोरली आणि धाकटी या दोन भूमी एकमेकींना टेकून बसलेल्या असत.

भांडण झालं ते नदीवरून. ती उगवायची थोरलीच्या डोंगरात आणि वाहायची धाकटीच्या अंगणातून. पुराचा गाळ कुणी उपसायचा यावरून शब्दाला शब्द वाढला.

"जरा सरकून बस," थोरली म्हणाली.

"सरकते की. कायमचीच सरकते," धाकटी म्हणाली, आणि खरोखरच सरकली.

मधे भेग पडली. तिच्यात दक्षिणेकडून थोडंसं पाणी आलं. मोठं अदबशीर होतं. "इथं कुणी बसणार आहे का?" त्यानं विचारलं. दोघींनी तोंडं फिरवली होती. पाणी बसलं.

दोघींना ते बरंच वाटलं. आता थेट बोलायला नको. निरोप पाणीच नेऊ लागलं. टोमणे ते तत्परतेनं पोचवी. कुणी चुकून खुशाली विचारली, की त्याला नेमकी ओहोटी लागे. दर निरोपासरशी दोघी किंचित मागे सरत आणि पाणी किंचित ऐसपैस बसे. काही युगांनी त्याला समुद्र म्हणावं लागलं. पलीकडचा किनारा दिसेनासा झाला.

धाकटीवर घनदाट अरण्य उभं राहिलं. थोरली मात्र पावसाला पारखी झाली. तिच्याकडे नुसती तांबडी माती उरली. वारा सुटला की त्यातली थोडी उडून धाकटीच्या झाडांवर येऊन पडे.

"बघितलंस? अजून माझ्यावर धूळ फेकते," धाकटी समुद्राला सांगे.

"स्वभावच तो," समुद्र म्हणे.

एका वर्षी तिनं वाऱ्याला बजावलं, "तिच्याकडची धूळ माझ्या दारात आणायची नाही." वाऱ्याला कामं पुष्कळ होती. तो दुसरीकडे गेला.

त्यानंतर अरण्याचा रंग उतरू लागला. फळं धरेनात, कोवळी रोपं उभ्याउभ्या पिवळी पडली. अखेर सर्वांत जुन्या झाडानं तोंड उघडलं. "बाई, इथला पाऊस आमचा कस धुऊन नेतो. तो भरून निघायचा त्या धुळीनं. आम्ही तिच्यावरच जगत होतो."

धाकटीनं वाऱ्याला हाक मारली. समुद्राला काहीच सांगितलं नाही.

"तिकडे जाऊन ये."

"काय सांगू?"

मनात पुष्कळ आलं. त्यातलं एकच तिला बोलता आलं. "सांग, माती संपली आहे."

थोरलीनं निरोप ऐकला. तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच. तिनं पदर मोकळा केला. "घेऊन जा. हवी तेवढी ने."

"तिला काही सांगायचं?"

"तिला म्हणावं, कमी पडली तर पुन्हा माग."

वारा निघाला. समुद्रानं वर पाहिलं. "काय नेतोयस रे?"

"माती," वारा म्हणाला. तो थांबला नाही.

समुद्रानं लाटा उंच केल्या, पण हात पोचेना. त्याच्या डोक्यावरून, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, तांबड्या मातीचा सलग पट्टा पसरला होता.