पायाखालचा निखारा

"बुवा, काल निखारा पायाखाली आला आणि मला कळलंसुद्धा नाही. आता तरी अनुग्रह द्याल ना?"

आप्पाबुवा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कळलं नाही, मग सांगतोस कसं?"

"वास आला. कातडं जळल्याचा. म्हणून खाली पाहिलं."

"हं..."

दिगंबर नाईकवडी एकेकाळी एसटीत कंट्रोलर होता. अख्खा स्टँड त्याच्या शिट्टीवर हलायचा. बायको सुमती गेली, मुलगा सुरतेला लागला, आणि हा टेकडीवरच्या मठात येऊन एकांताला बसला. त्याला तीन वर्षं झाली. मठाची रीत अशी की, एकांताला बसलेल्याच्या झोपडीत कुणी पाऊल टाकायचं नाही. ताट बाहेरच्या दगडावर ठेवायचं आणि मागं वळून न बघता यायचं.

तेवढ्या काळात माणूस निम्मा झाला. सदरा दांडीवर वाळत घातल्यागत अंगावर लोंबायला लागला. दर्शनाला येणारी माणसं लांबूनच हात जोडायची. बुवाही कौतुकानं बोट दाखवायचे, "देह कसा झिजवलाय बघा."

दिगंबरला ते ऐकू यायचं. त्या दिवशी भाकरी गोड लागायची.

"झोप?" बुवांनी विचारलं.

"मोडली म्हणा ना. चार-चारदा जाग येते. जप करतो."

"उठलास की आधी काय करतोस?"

दिगंबर जरा घुटमळला. "आधी... बाहेर जाऊन येतो."

"चारही वेळा?"

"हो."

"आणि पाणी?"

"दोन माठ लागतात. तपाची उष्णता, दुसरं काय."

बुवांच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. मग ते उठले, दिगंबरसमोर आले आणि वाकून त्यांनी त्याच्या पायाला हात घातला.

दिगंबरचा ऊर भरून आला. गुरू आपल्या पाया पडतोय! तो मागं सरकला. "बुवा, पाप लागेल मला."

"बस खाली."

बुवांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, उपरण्यानं पुसला. भाजल्याचा फोड होता. अंगठा काळानिळा पडला होता. आणि टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. भोवती मुंग्या.

बुवांनी काटा उपसला.

"दुखलं?"

"नाही," दिगंबर ताठ मानेनं म्हणाला.

बुवांनी काटा त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"नाही दुखलं, बुवा," तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज खाली आला होता.

"कधी रुतला?"

"...माहीत नाही."

धुनीत लाकूड तडतडलं. पाय अजून बुवांच्या मांडीवरच होता. तीन वर्षांत त्याच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता.

"सुमती असती," दिगंबर पायाकडे बघत म्हणाला, "तर दुसरा माठ भरायच्या आधीच ओरडली असती. एवढं पाणी जातंय कुठं म्हणून..."

"चप्पल घाल," बुवा म्हणाले. "खाली जायचंय."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली आणि यंत्रावरचा आकडा दोनदा बघितला. चारशे बासष्ट.

"शुगर आहे, काका. आजकालची नाही, चार-पाच वर्षांची असावी. अंग एवढं उतरलं, तेव्हा दाखवून घ्या असं कुणी म्हटलं नाही?"

दिगंबरनं बुवांकडे बघितलं.

"म्हटलं नाही," बुवा म्हणाले. "पाया पडा म्हटलं लोकांना. आणि दर गुरुवारी मी माझ्या हातानं शिरा करून त्याच्या दगडावर ठेवला."

बाईंनी कागदावर लिहिता लिहिता हात थांबवला, मग पुन्हा लिहायला लागल्या. "अंगठा काढावा लागेल. पाय वाचतोय का, बघू."

दोन दिवसांनी अंगठा गेला. वॉर्डात दिगंबरच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर माणसांची वर्दळ होती. कुणाची सून डबा उघडत होती, कुणी म्हाताऱ्याला दामटून गोळी गिळायला लावत होतं. दिगंबर पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत पडला होता.

बुवा येऊन खाटेच्या पायथ्याशी बसले.

"बुवा, म्हणजे तीन वर्षं मला काहीच झालं नव्हतं?"

"झालं होतं की."

दिगंबरला हसू आलं, आणि तोंड वाकडंच राहिलं. तो म्हणाला, "मग अनुग्रह... आता नाहीच?"

बुवांनी त्याच्या दुसऱ्या, उघड्या पायावर तळहात ठेवला.

"हात ठेवलाय. कळतोय?"

दिगंबरनं डोळे मिटले. वाट पाहिली... उघडले.

"नाही," तो म्हणाला. "दिसतोय फक्त."

बुवांनी हात उचलला नाही.

"मग बघत राहा."