नीलाईची ओटी

डोंगरावर शिखरपूर, खाली मळापूर, आणि दोन्ही राज्यांतून झुळझुळत जाणारी निळीनिळी नीलाई नदी. झुळझुळत म्हणे! मुलांनो, त्या उन्हाळ्यात मळापूरच्या नीलाईत थेंबभर पाणी नव्हतं. चिमुकली कुसुंबी वाळूत खड्डा खणायची, वाटीवाटीनं पाणी गोळा करायची आणि आधी शेजारच्या तान्ह्या वासराला पाजायची. उरलेलं कलिंगडाच्या वेलांना. तिच्या आईनं ते नदीच्या कोरड्या पात्रातच लावले होते, आणि मायलेकींचं पोट त्यांच्यावरच होतं. एके सकाळी खड्ड्यातही पाणी आलं नाही.

“आई, नदी गेली कुठं गं?”

“शिखरपूरवाल्यांनी बंधाऱ्याची दारं लावून कोंडलीय तिला,” आई म्हणाली. “मानपान चाललाय त्यांचा.”

हो, मानपान! तिथं नदीला लेक मानायची रीत होती. शिखरपूर तिचं माहेर, मळापूर सासर. दर उन्हाळ्यात माहेरच्यांनी तिची ओटी भरायची, सासरच्यांनी न्यायला यायचं, की दारं उघडायची. यंदा शिखरपूरचे प्रधान अडून बसले, “आधी न्यायला राजा येऊ दे, मगच ओटी!” मळापूरचे प्रधान फुगून बसले, “आधी ओटी, मगच राजा!” आणि दोघंही बंधाऱ्याखाली रेशमी तंबूत वाळ्याचं सरबत पीत होते. मेल्यांना लाज कशी ती नव्हती!

कुसुंबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेलावर जगलेलं एकुलतं एक इवलंसं कलिंगड तिनं तोडलं, ओच्यात मूठभर तांदूळ घेतले आणि तडक बंधारा गाठला. वर चढून बघते तर काय, दारांमागं पाणी तुंबून हिरवंगार झालेलं! काठावरच्या घरांतून शिखरपूरची पोरं तापानं फणफणत होती, आणि वर डासांचे थवे.

“अगं बाई, तुझ्या नावानं एवढं भांडतात, आणि तुझी ओटी कुणीच भरली नाही?” असं म्हणत कुसुंबीनं कलिंगड आणि तांदूळ हलकेच पाण्यात सोडले.

तोच पाणी लखलखलं! मोरपंखी झगा, चतुरासारखे झिरझिरीत पंख आणि केसांत चंदेरी मासोळ्या माळलेली एक परी वर आली.

“मी नीलाई. एक इच्छा माग, बाळ. पण अटी आहेत हं! जे मागशील ते दोन्ही राज्यांना मिळेल. आणि दिलेलं परत घेता येणार नाही.”

“मग पा—”

“थांब,” परी हळूच म्हणाली. “तुमचे वेल माझ्याच पात्रात आहेत ना गं? मी आले, की ते वाहून जातील.”

कुसुंबीचे डोळे भरून आले. वेल गेले तर खायचं काय? पण जीभ बाहेर टाकून पडलेलं वासरू तिला आठवलं, समोर तापलेली पोरं कण्हत होती. तिनं डोळे पुसले.

“जाऊ देत वेल! तू माहेरी वाहा, सासरी वाहा. आणि पुन्हा कुणी तुला कोंडायचं नाही म्हणजे नाही!”

“किती वर्षं वाट पाहिली मी हे ऐकायची,” परी म्हणाली.

धडाड्! दारं फुटली. फेसाळतं, रुपेरी पाणी नाचत निघालं. तंबू तरंगत पार मळापूरला पोचला आणि त्याला लोंबकळणारे दोन्ही प्रधान काठावरच्या जांभळीवर चढले.

कुसुंबी धावत घरी आली. वासरू घटाघटा पाणी पीत होतं. वेल मात्र गेले होते. तिनं रडतरडत सगळं सांगितलं. आईनं तिला पोटाशी धरलं. “बरं केलंस, माझे बाय.”

तेव्हा वाहत्या पाण्यातून परी वर आली आणि तिनं उंच काठावर पंख झटकले. काळीभोर माती पसरली, हिरवे वेल सरसरले, पिवळी फुलं फुलली आणि पानापानाआड टपोरी कलिंगडं डुलू लागली.

“ही जमीन तुमची,” परी म्हणाली. “इथं माझं पाणी पोचेल, पूर नाही पोचायचा.” आणि निळ्या-सोनेरी उजेडात ती विरून गेली.

जांभळीखाली गाव जमलं. वर भांडण चालूच!

“आधी तुम्ही उतरा!”

“छे, आमचा मान मोठा. आधी तुम्ही!”

कुसुंबीनं कमरेवर हात ठेवले.

“बसा मग तिथंच!” ती म्हणाली, आणि सगळं गाव पाणी प्यायला निघून गेलं.